एकेचाळीस आणि बेचाळीस यांच्या मधलं फूल

सर गेले त्या सकाळी माझा मोबाईल स्टाफरूमच्या कपाटात बंद होता. आमच्या क्लासमध्ये शिकवताना कुणी फोन जवळ ठेवायचा नाही असा नियम आहे आणि तो नियम मीच केलेला आहे, त्यामुळे दोष तरी कुणाला देणार. लागोपाठ दोन बॅचेस होत्या. दुसरी सुटल्यावर फोन उघडला तर लातूरहून प्रमिलाकाकूंचे, म्हणजे सरांच्या पत्नीचे, सहा कॉल येऊन गेलेले. परत फोन लावण्याआधीच काय ते समजलं... नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायला तीन-साडेतीन तास लागतातच. मी पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परत आली होती, दोरीवर ओले टॉवेल वाळत होते आणि शेजारच्या घरून पिठलं-भात आला होता. काकू म्हणाल्या, "तुझी वाट बघितली गं. पण ऊन लई झालं होतं." मी त्यांच्याजवळ सतरंजीवर टेकले. रडू आलं नाही. मनात एकच गोष्ट फिरत होती, की मला सरांना काहीतरी सांगायचं होतं, तीसेक वर्षं सांगायचं होतं, आणि आता ते ऐकायला माणूसच उरला नाही. त्याला आता पाच आठवडे होऊन गेले.

वामनराव कंधारकर हे सरांचं नाव वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. लातूरच्या एका कॉलेजात त्यांनी उभी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात घालवली. अंगाने किरकोळ, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत खणखणीत, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक भिंग. शिकवणं हे पोटाचं काम होतं. जिवाचं काम होतं ते दगडातली फुलं शोधण्याचं. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले तेव्हा मधूनमधून बराच काळ शांततेचा जायचा. तळी साचायची, काठाला झाडं यायची, आणि मग पुढचा लाव्हा येऊन ते सगळं गाडलं जायचं. त्या तळ्यांतला गाळ गारेसारखा, म्हणजे गारगोटीसारखा, कडक झाला आणि त्यात लाकूड, बिया, फळं अडकून बसली. लाकूड ढिगाने सापडतं. फूल मात्र क्वचितच, कारण फूल गळलं की दोन दिवसांत कुजतं. कुजायच्या आत ते गारेत बंद व्हावं लागतं. सर म्हणायचे, लाकूड मिळालं तर आपण हुशार, फूल मिळालं तर आपलं नशीब.

मी त्यांच्याकडे एम.एस्सी. केलं आणि पुढे त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं. त्या वेळी आम्ही हदगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला, भुजंगराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात जायचो. त्यांच्या बापाने रान साफ करताना निघालेल्या गारेच्या दगडांची बांधावर ताल, म्हणजे बिनमातीची भिंत, रचलेली होती, आणि सर त्या तालीतला एकेक दगड फोडून जिभेने चाटून बघायचे. चाटायचे अशासाठी, की कोरडा दगड मुका असतो. ओला केला की आतली नक्षी वर येते. पण हे गावाला कोण सांगणार. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. भुजंगरावांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "ताई, गुरुजीला घरी मीठ देत न्हाईत का काय?" मी ते सरांना सांगितलं तर सर दगड हातात धरूनच हसत बसले, आणि संध्याकाळी भुजंगरावांच्या घरी जेवताना त्यांनी मुद्दाम मीठ मागून घेतलं. असे सर मी पुढे फार बघितले नाहीत.

ते फूल त्याच तालीत सापडलं. भूकंपाच्या वर्षीचा, त्र्याण्णवचा, उन्हाळा होता. एका मुठीएवढ्या दगडाच्या फुटलेल्या तोंडावर ज्वारीच्या दाण्याएवढं एक वर्तुळ होतं, त्यात अजून एक वर्तुळ आणि मध्ये तीन खोल्या. सरांनी चाटलं, भिंग लावलं, परत चाटलं, आणि दगड माझ्या हातात दिला. मीही जीभ लावली. आयुष्यात पहिल्यांदाच चाटला मी दगड, आणि मला त्या तीन खोल्या दिसल्या. सर बांधावर खाली बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "बाई, हे आजवर कुणी बघितलेलं दिसत नाही."

आता या कामाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दगडातलं फूल बाहेर काढता येत नाही. ते घासत घासत वाचावं लागतं. काचेच्या पाटीवर कार्बोरंडमची खरखरीत पूड आणि पाणी घ्यायचं, त्यावर दगडाचं तोंड मोजून तीस फेरे फिरवायचं. तेवढ्यात कागदाच्या जाडीचा थर जातो. मग दगड धुऊन भिंगाखाली बघायचा, काच खाणाऱ्या आम्लात क्षणभर बुडवायचा, परत धुवायचा, आणि वर एक पातळ द्रावण ओतायचं. ते वाळलं की त्याचा पापुद्रा होतो, आणि त्या पापुद्र्याला फुलाच्या पेशींचा अगदी जसाच्या तसा ठसा चिकटून येतो. पापुद्रा उचलण्याआधी त्यावर नंबर घालायचा. नंबर घालताना कुणी बोलायचं नाही, हा सरांचा दंडक. मग परत तीस फेरे, परत पापुद्रा. असे चाळीस-पन्नास पापुद्रे ओळीने लावले म्हणजे फूल वरपासून खालपर्यंत वाचता येतं. पण तोवर दगडात फूल उरलेलं नसतं. जे बघितलं ते घासून गेलेलं असतं आणि पापुद्रेच तेवढे हातात राहतात. म्हणून मधला एक थर चुकून गेला तर तो गेलाच, कुठूनही परत आणता येत नाही.

गणपतीच्या आधीपर्यंत आमचे चाळीस पापुद्रे झाले होते. आता निर्णायक भाग जवळ आला होता. पाकळ्या आणि पुंकेसर यांचं बाहेरचं कडं मधल्या अंडाशयाच्या भिंतीला जोडलेलं आहे, की सुटं राहून थेट खाली देठाला मिळतं, एवढाच प्रश्न होता. त्यावर त्या फुलाचं कूळ ठरणार होतं, आणि ते अगदी नवीन आहे की नाही हेही. चाळिसाव्यापर्यंत कडं सुटं होतं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सरांनी एकेचाळिसावा स्वतः उचलला, दोन काचांमध्ये दाबून सपाट व्हायला ठेवला आणि म्हणाले, "पुढचा मी आल्यावर. दोघं मिळून काढू." विसर्जनाला ते काकूंबरोबर मुलीकडे जाणार होते. विद्या त्यांची एकुलती एक. आदल्या वर्षी औशाकडच्या एका खेड्यात दिली होती. ऐन वेळी काकूंना ताप भरला म्हणून जाणं राहिलं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपात काय झालं ते या भागात कुणाला सांगायला नको. विद्याचं सासर म्हणजे दोन हात रुंदीच्या दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद. सर दुपारपर्यंत तिथे पोचले. विद्याला काढायला तिसरा दिवस उजाडला. त्याबद्दल ते आयुष्यात माझ्याशी एकदाच बोलले आणि तेही एवढंच, की बांगड्यांवरून ओळखली. काकूंना त्यांनी बघू दिलं नाही. काकूंनी त्याबद्दल त्यांना कधी माफ केलं की नाही, मला माहीत नाही.

कॉलेज बंद होतं. लोक मैदानात, रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या लावून राहत होते. माझ्याकडे प्रयोगशाळेची किल्ली होती. दहाव्या की अकराव्या दिवशी मी तिथे गेले. सर येतील तेव्हा त्यांच्यासमोर काहीतरी पुरं झालेलं ठेवावं, एवढंच मनात होतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मला ते पहिल्यांदा बघायचं होतं. कडं जोडलेलं आहे की सुटं, हे जगात सगळ्यांच्या आधी मला दिसावं, असा लोभ होता. चोवीस वर्षांची होते. लोभ कसला असतो ते त्या वयात कळत नाही.

मी तीस फेरे दिले. मोजून दिले, अजून आठवतं. दगड धुतला, भिंग लावलं, आणि बघितलं तर कडं भिंतीला जोडलेलं होतं. सगळीकडून. एखादी वाटी ताटाला डाग देऊन बसवावी तसं गोल, अगदी सलग. सरांना पहिल्यापासून तेच वाटत होतं, फक्त ते बोलून दाखवत नव्हते. मी एकटीच तिथे मोठ्याने हसले. दगड टेबलावर ठेवला आणि आम्लाची बाटली आणायला कपाटाकडे वळले, तेवढ्यात जमीन हलली. कपाटातल्या काचा वाजल्या. गेल्या दहा दिवसांत किती धक्के बसले होते त्याला गणती नव्हती, पण इमारतीच्या आत असताना बसलेला हा माझा पहिलाच. मी सगळं टाकून पळाले. मैदानात तासभर उभी होते. कुणी म्हणत होतं आता मोठा येणार, कुणी पाणी देत होतं, एक बाई लेकराला छातीशी धरून नुसती थरथरत होती.

परत आत गेले तेव्हा दगडाचं तोंड वाळून राखाडी झालं होतं. काचेच्या पाटीवर पूड अजून ओली होती. माझ्या डोक्यात काय चाललं होतं कुणास ठाऊक. आधी बघितलेलं विसरून मला वाटलं, मी फेरे अर्धवट टाकून पळाले होते. मी दगड उचलला आणि पहिल्यापासून मोजायला लागले. मध्येच मोजणी चुकली, म्हणून परत एकपासून सुरू केलं. किती फेरे झाले ते मला आजही सांगता येणार नाही. धुतला, भिंग लावलं, तर तिथे नुसता देठ. कडं नाही, भिंत नाही, काही नाही. टेबलापाशी उभी राहून मी ते परत परत धुतलं. धुऊन काय येणार होतं! शेवटी आम्लात बुडवला, द्रावण ओतलं, वाळू दिलं, आणि पापुद्र्यावर स्वच्छ अक्षरात बेचाळीस लिहिलं.

सर बाविसाव्या दिवशी कॉलेजात आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सरळ प्रयोगशाळेत गेले. मी म्हणाले, "सर, बेचाळीस काढून ठेवलाय." वाटलं रागावतील. ते म्हणाले, "काढलास? बरं केलंस." मग त्यांनी एकेचाळीस सूक्ष्मदर्शकाखाली लावला आणि फार वेळ बघत राहिले. त्या चेहऱ्यावर हळूहळू जीव आला. फूल दगडात किंचित तिरकं पडलेलं होतं, त्यामुळे एकेचाळिसाव्याच्या एका कडेला जोडणी नुकतीच सुरू झालेली होती. पुसट होती, पण होती. ते मला म्हणाले, "इथं बघ, भिंतीला लागून राहिलंय." त्या माणसाने तीन आठवड्यांत पहिल्यांदा कशात तरी मन घातलं होतं. मग त्यांनी बेचाळीस लावला. जरा वेळाने मान वर केली आणि विचारलं, "सुनंदा, एकेचाळीसनंतर तू तीसच फेरे दिलेस ना?"

मी म्हणाले, "हो सर. तीसच."

"मग झालं," ते म्हणाले आणि पुन्हा डोळा लावून बसले.

मुलगी गेलेल्या बापाला अजून एक धक्का नको म्हणून मी तसं बोलले, असं मी पुढे स्वतःला सांगत आले. खरी गोष्ट म्हणजे मी भ्याले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग दिवाळी झाल्यावर, मग त्यांचं मन जरा थाऱ्यावर आल्यावर... आणि खोट्याचं असं असतं की पहिल्या दिवशी ते राईएवढं असतं, महिन्याभरात त्याचा डोंगर होतो आणि मग तो चढायची हिंमत राहत नाही. सरांनी त्या फुलावर लेख लिहिला आणि सगळे पापुद्रे, चित्रं आणि वर्णन उत्तरेकडच्या एका तज्ज्ञांना पाठवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. एकेचाळिसाव्याच्या कडेला दिसणारी जोडणी हा प्रकाशाचा किंवा दाबाचा दोष असू शकतो. ओळीत मधला भाग गेलेला नसेल, तर ती जोडणी पुढच्या थरात दिसायलाच हवी होती. तुमच्याकडून एखादा थर गेला आहे का? सरांनी उलट टपाली कळवलं की थर गेलेला नाही, काम माझ्या विद्यार्थिनीचं आहे आणि तिच्या हाताची मी खात्री देतो. ते पत्र त्यांनी टाइप करायला माझ्याकडेच दिलं होतं. मी ते टाइप केलं. शुद्धलेखनाची एक चूकही दुरुस्त केली.

पापुद्रे परत आल्यावर सरांनी तो लेख मागे घेतला. का, ते सांगितलं नाही. म्हणाले, दुसरं फूल मिळेल, मग बघू. मी वर्षभरातच पीएच.डी. सोडली. घरची अडचण सांगितली. ती होतीही, पण सोडण्याएवढी नव्हती. त्याच सुमाराला लातूरचं नाव बोर्डाच्या निकालात झळकायला लागलं होतं. गल्लोगल्ली क्लासेस निघाले, गावोगावची पोरं खोल्या घेऊन राहायला आली, मेसचे डबे फिरायला लागले. भूकंपात पडलेल्या गावांतलीही पोरं त्यांत होती. आता शेतावर नाही, मार्कांवर भागायचं, असं त्यांच्या घरच्यांनी ठरवलं होतं. नांदेडलाही तेच वारं पोचलं आणि मला तिथून बोलावणं आलं. मी गेले. दोनशे पोरांच्या हॉलमध्ये माईकवर फुलांची सूत्रं पाठ करून घ्यायला लागले. कोणत्या कुळात अंडाशय वर, कोणत्या कुळात खाली, हे मी एका गाण्याच्या चालीवर बसवलं होतं आणि पोरं ते रस्त्याने म्हणत जायची. चांगलं चाललं माझं. खोटं कशाला बोलू, फ्लॅट झाला, गाडी झाली.

सरांनाही एका क्लासने बोलावलं होतं. ते पंधरा दिवस गेले. रोज पोरांना कसलं ना कसलं फूल आणायला सांगायचे, धोतरा, जास्वंद, शेवगा, आणि ब्लेडने कापून बघायला लावायचे. एका मुलाचे वडील भेटायला आले. सभ्य माणूस, हात जोडून म्हणाले, "सर, फूल नका दाखवू, प्रश्न दाखवा. आमच्याकडे टाईम न्हाई." सर घरी येऊन काकूंना म्हणाले, तो माणूस चुकीचं बोलला नाही, पण मला ते जमणार नाही. कॉलेजात तर तासाला कुणी यायचंच नाही. पुढे प्रयोगशाळेची अर्धी खोली सराव परीक्षांसाठी घेतली गेली आणि पापुद्र्यांचं कपाट सरांनी हातगाड्यावर घालून घरी आणलं. हमालाबरोबर ते स्वतःही गाडा ढकलत होते, असं काकू सांगतात.

पण रानात जाणं त्यांनी सोडलं नाही. निवृत्त झाल्यावरही वर्षातून दोनदा लातूरहून एसटीने नांदेडला यायचे, माझ्याकडे जेवायचे आणि पुढे हदगावची गाडी धरायचे. पिशवीत हातोडा, वर्तमानपत्राची रद्दी आणि काकूंनी दिलेले धपाटे. जेवताना मी दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं, आणि दर वेळी त्यांच्या ताटात अजून एक भाकरी वाढायचे. भुजंगरावांनी त्यांच्यासाठी विहिरीपाशी वेगळा ढीग करून ठेवलेला असायचा. नांगराला दगड लागला की त्यावर टाकायचे. त्या एवढ्या वर्षांत सरांना लाकूड मिळालं, ताडाचे तुकडे मिळाले, दोन फळं मिळाली. फूल नाही.

शेवटच्या खेपेला मी गाडीने त्यांना घेऊन गेले. रस्ता चौपदरी होत होता. भुजंगराव आता थकले होते, काठी टेकत बांधावर आले. बांध होता, पण ताल नव्हती. विहिरीपाशीचा ढीगही नव्हता. खडीच्या मशीनवाल्याला मुलाने सगळा दगड उचलून दिला होता. भुजंगराव खाली मान घालून म्हणाले, "गुरुजी, तुमचं फूल रोडात गेलं. मी लई म्हणलं पोराला, नगं देऊ. ऐकलं न्हाई."

"असू द्या भुजंगराव," सर म्हणाले. "रस्ताबी पाहिजेच की."

परतताना ते नव्या रस्त्याकडे बघत होते. मी गाडी चालवत होते. त्या दिवशी सांगितलं असतं तर... पण नाही सांगितलं.

मागच्या दिवाळीत मी शेवटची भेटले. काचबिंदूने एक डोळा गेला होता, दुसऱ्याने उजेड-सावली तेवढी कळायची. सर पलंगावर बसून होते. काकू आत गेल्यावर त्यांनी उशाखालून एक डबी काढली. त्यात एकेचाळिसावा होता, काचेवर बसवलेला. म्हणाले, "माझ्या डोळ्यांचं काही खरं न्हाई. तू एकदा बघून सांग. कडेला काय दिसून राहिलंय?" सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी कापड घालून ठेवलेला होता. मी लावून बघितलं. कडेला जोडणी होती. पुसट, पण होती, अगदी जशी त्यांनी दाखवली होती तशी. आणि मी... मला वाटलं, आता या वयात हो म्हटलं तर ते पुढचं विचारतील, मग बेचाळीसमध्ये ती का नाही हे विचारतील. मी म्हणाले, "धूसर आहे सर. नक्की सांगता येत नाही."

त्यांनी काचेसाठी हात पुढे केला. मग म्हणाले, "हाव, खरंय. मलाही तसंच वाटत आलं." आणि डबी बंद केली.

फाल्गुनात ते मोरीत पडले, आठ दिवस दवाखान्यात होते आणि गेले.

चौदावा झाल्यावर काकूंनी मला बोलावून घेतलं. कपाटाचं काय करायचं ते तूच ठरव, म्हणाल्या. पापुद्रे ओळीने लावलेले होते, त्यांच्याखाली कामाची वही. भूकंपाच्या वर्षीची. मी ती चाळत त्या दिवसापर्यंत आले. सर बाविसाव्या दिवशी कॉलेजात आले होते, त्याच तारखेखाली त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "सुनंदाने तीसच फेरे दिले आहेत. म्हणजे थर गेलेला नाही. म्हणजे ४१ मधली जोडणी हा माझा भास असू शकतो; तज्ज्ञांना विचारावं. विद्या गेल्यापासून नजरेचा भरवसा राहिलेला नाही." आणि खाली, तज्ज्ञांच्या पत्रानंतरची, वेगळ्या शाईतली एक ओळ: "इथून पुढे एकट्याच्या नजरेवर कशालाही नाव देऊ नये."

म्हणून त्यांनी पुढे एकही लेख लिहिला नाही. ताडाचे तुकडे, ती दोन फळं, सगळं नावाशिवाय कपाटात पडून होतं. मला वाटत आलं होतं की त्यांना माझा संशय असेल, आतून कुठेतरी माझ्यावर राग असेल, आणि त्या रागाच्या भीतीने मी इतकी वर्षं गप्प राहिले. राग नव्हताच. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि त्यासाठी स्वतःच्या डोळ्यांवरचा काढून घेतला.

मी काकूंना तिथेच, कपाटासमोर खाली बसून सगळं सांगितलं. धक्का, वाळलेला दगड, तीस फेरे, दिवाळीतलं धूसर. काकू सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाल्या, "विद्या गेली ती भूकंपानं. त्याला कुणाचाच इलाज नव्हता. हे तर तुझ्या हातात होतं गं."

मी मान खाली घातली. त्यांच्यासमोर मला रडताही येईना. मग मी पर्समधून पेन काढलं आणि वहीतल्या त्या ओळींखाली खरं काय ते लिहायला टेकवलं, तर काकूंनी माझं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातली बाई, पण पकड घट्ट होती. म्हणाल्या, "वहीला हात लावू नको. ते त्यांचं अक्षर हाय. तुला लिहायचं तर जिथं चार लोक वाचतील तिथं लिही, अन् तुझ्या नावानं लिही."

म्हणून हे लिहिते आहे. एकेचाळीस आणि बेचाळीस या पापुद्र्यांच्या मधला थर भूकंपानंतरच्या दिवसांत माझ्या हातून घासला गेला. मला फेरे विचारले तेव्हा मी खोटं बोलले. तो थर जाण्याआधी मी तो भिंगातून पाहिला होता. कडं अंडाशयाच्या भिंतीला सगळीकडून जोडलेलं होतं. वामनराव कंधारकर यांना दिसलं ते बरोबर होतं.

– सुनंदा